१९३८ मध्ये तेल लागले, १९४२ मध्ये विहिरी बुजवल्या : कुवेतमधील तेलबंदीचा निर्णय कोणाचा?

मचवा (धागाकर्ता)

नमस्कार. कामानिमित्त मी अकरा वर्षे कुवेतमधील अहमदी येथे राहिलो. एका कंत्राटदाराच्या हिशेब खात्यात नोकरी होती, त्यामुळे तेलविहिरींशी माझा संबंध कागदापुरताच आला. तरीही बुरगानच्या बाजूने येता-जाता दोन तारखांनी माझा पिच्छा कधी सोडला नाही. बुरगानच्या पहिल्या विहिरीत तेल लागले ते फेब्रुवारी १९३८ मध्ये, आणि कुवेतचे पहिले कच्चे तेल जहाजात भरून रवाना झाले ते ३० जून १९४६ रोजी. मधली आठ वर्षे काय चालले होते असे कोणाला विचारले, की "युद्ध होते" एवढे उत्तर मिळे आणि विषय चहाकडे वळे.

निवृत्तीनंतर थोडे वाचन केले तेव्हा कळले की १९४२ च्या जुलैपर्यंत तेथे नऊ विहिरी खोदून झाल्या होत्या, त्यांतील आठ तेल देणाऱ्या निघाल्या होत्या, आणि ब्रिटिश सरकारच्या आदेशावरून त्या सिमेंट भरून बंद करण्यात आल्या. कतारमधील दुखानच्या विहिरींचेही त्याच वर्षी तसेच झाले. मात्र याच काळात, याच आखातात, इराणमधील अबादानची आणि बहरीनची रिफायनरी चालूच होती. युद्ध म्हणजे तेलाची भूक. मग ज्या भूमीत तेल वर येण्यासाठी धडपडत होते तिच्याच तोंडात सिमेंट का कोंबले, हे मला उमगत नाही.

दुसरे असे की या निर्णयात कुवेतचे अमीर शेख अहमद अल-जाबेर यांना काही विचारले गेले होते का? करार त्यांच्या सहीचा होता आणि जमीनही त्यांचीच. आणि तिसरी गोष्ट, जी एक मराठी माणूस म्हणून मला विशेष चमत्कारिक वाटते : त्या कराराच्या प्रतीत सगळे आकडे रुपयांत आहेत आणि पत्रव्यवहारात जागोजागी "हिंदुस्थान सरकार" येते. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

कातळ

माझा व्यवसाय भूगर्भशास्त्राशी निगडित आहे, म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. राजकारणावर इतरांनी बोलावे.

जमिनीत तेल असणे आणि विकण्याजोगे तेल असणे या दोन गोष्टींमध्ये लोखंडाचे फार मोठे अंतर असते. बुरगानमध्ये १९४२ साली विहिरी होत्या. परंतु तेल किनाऱ्यापर्यंत नेणारी मोठी नळवाहिनी, साठवणीच्या टाक्या आणि जहाजे भरण्याची सोय यांपैकी काहीच उभे नव्हते. हे सारे उभारायला पोलाद, पंप, झडपा आणि कुशल माणसे लागतात, आणि १९४२ मध्ये नेमक्या याच वस्तूंसाठी रणगाड्यांचे आणि जहाजांचे कारखाने आपसांत भांडत होते. तेल काढले असते तरी ते वाहून न्यायला टँकर कुठून आणायचे? त्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीत जर्मन पाणबुड्यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणि कॅरिबियन समुद्रात टँकरांचा फडशा पाडला होता. भूमध्य समुद्र दोस्तांच्या व्यापारी जहाजांना जवळपास बंदच असल्याने आखातातले तेल ब्रिटनला न्यायचे तर आफ्रिकेला वळसा घालावा लागे. म्हणून ब्रिटनने स्वतःच्या गरजेचे तेल शक्य तितके अटलांटिकपलीकडून आणण्याचे धोरण आधीच धरले होते. एक टँकर लांबच्या वाटेवर एक फेरी करतो तेवढ्यात जवळच्या वाटेवर दोन किंवा तीन करतो, असा तो साधा हिशेब होता.

अबादान आणि बहरीन यांची गोष्ट निराळी, कारण तेथे सगळा डोलारा युद्धापूर्वीच उभा होता. अबादान तर जगातल्या सर्वांत मोठ्या रिफायनऱ्यांपैकी एक होती, आणि विमानांसाठी लागणारे उच्च प्रतीचे पेट्रोल तेथे पुढे मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. बहरीनमध्ये तेल लागले १९३२ साली आणि दशक संपण्यापूर्वीच तेथे रिफायनरीही सुरू झाली. चालत्या दुकानात माल भरायचा आणि नवे दुकान बांधायला विटा मिळत नाहीत म्हणून ते तसेच ठेवायचे, असा हा प्रकार होता.

परंतु एवढ्याने "काम थांबवले" हे समजते, "विहिरी बुजवल्या" हे समजत नाही. त्यासाठी १९४२ च्या उन्हाळ्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा लागेल. १ जुलै रोजी जर्मन सेनापती रोमेल इजिप्तमधील अल-अलामेनपर्यंत आलेला होता. जूनच्या अखेरीस जर्मनीने दक्षिण रशियात जी मोहीम उघडली तिचा रोख कॉकेशसच्या तेलाकडे होता, आणि कॉकेशस ओलांडले की पुढे इराण व इराक. त्याआधी काही महिने ब्रिटिशांनी ब्रह्मदेश गमावला होता. तेथून माघार घेताना मार्चमध्ये रंगूनजवळील सिरियमची रिफायनरी आणि एप्रिलमध्ये येनानजाऊंगचे तेलक्षेत्र त्यांनी स्वतःच्या हाताने उद्ध्वस्त केले होते, जपान्यांना थेंबही मिळू नये म्हणून. आपल्याकडे ज्याला दग्धभू धोरण म्हणतात तेच हे, फक्त पिकांच्या जागी तेल. शत्रू दाराशी आल्यावर घाईघाईने सुरुंग लावण्यापेक्षा, ज्या विहिरींचा आज काहीच उपयोग नाही त्या शांतपणे आधीच बंद करून टाकाव्यात, हा विचार त्या अनुभवातून सहज सुचण्यासारखा होता.

"बुजवणे" हा शब्दही जरा समजून घ्यावा. विहिरीच्या तोंडावरची झडप फिरवून तेल अडवता येते, पण जी झडप आपण बंद करतो ती शत्रूला उघडताही येते. म्हणून ड्रिलच्या नळीतून सिमेंटचा पातळ लगदा थेट तेलाच्या थराजवळ सोडतात; तो नळीबाहेरून केसिंगमध्ये, म्हणजे विहिरीला आतून बसवलेल्या पोलादी नळात, काही अंतर वर चढतो आणि तेथेच दगडासारखा घट्ट होतो. त्यावर जड चिखल भरतात आणि पुन्हा वरच्या बाजूला सिमेंटचे दुसरे बूच बसवतात. पुढे कोणाला ती विहीर चालू करायची झाली तर रिग, म्हणजे खोदकामाचा मनोरा, उभा करून ते बूच भेदत खाली जावे लागते, आणि ताब्यात घेतलेल्या वाळवंटात शत्रूला रिग, पाती आणि कारागीर कोठून मिळणार? त्या मानाने मालकाला मात्र नुकसान थोडे, कारण खालचा खडक आणि त्यातले तेल जागच्या जागी शाबूत राहते. येनानजाऊंगला झाले ते विध्वंसाचे काम होते. कुवेतमध्ये झाले ते कुलूप लावण्याचे.

---

दफ्तरदार

कातळ यांचे विवेचन उत्तम आहे. पण शेवटच्या वाक्यातले कुलूप पाहून विचारावेसे वाटते की किल्ली कोणाकडे होती. धागाकर्त्यांचा दुसरा आणि तिसरा प्रश्न वेगळे नाहीत. रुपयाचे उत्तर सापडले की अमिरांचेही सापडते.

इराणच्या आखातातील ब्रिटिश कारभार बुशेर येथील पोलिटिकल रेसिडेंटच्या हाती असे. हा रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता आणि त्यानंतर कलकत्त्याच्या, पुढे दिल्लीच्या हिंदुस्थान सरकारच्या. त्याच्या हाताखाली कुवेत, बहरीन, मस्कत अशा ठिकाणी पोलिटिकल एजंट. मराठी वाचकाला हे पद समजावून सांगण्याची गरजच नाही. पेशवाईच्या अखेरीस पुण्याच्या संगमावर राहणारा एल्फिन्स्टन आठवावा, किंवा कोल्हापूर दरबारी बसणारा पोलिटिकल एजंट आठवावा. तीच नोकरी, तीच भाषा, तोच लखोट्यांचा प्रवास, फक्त खजुराच्या झाडांखाली. १८०२ च्या वसईच्या तहात बाजीरावाने इंग्रजांना विचारल्याशिवाय परक्या सत्तांशी व्यवहार न करण्याचे कबूल केले. २३ जानेवारी १८९९ रोजी कुवेतच्या शेख मुबारक यांनी जो करार केला त्यात ब्रिटिश संमतीवाचून कोणत्याही परक्या सत्तेच्या प्रतिनिधीला थारा न देण्याची आणि आपल्या मुलखाचा कोणताही भाग परक्यांना न देण्याची हमी होती. जवळपास शंभर वर्षांनी तोच साचा पुन्हा वापरला गेला.

तेलाबद्दलची कबुली तर आणखी स्पष्ट होती. १९१३ मध्ये मुबारक यांनी लिहून दिले की ब्रिटिश सरकारने नेमलेल्या किंवा सुचवलेल्या माणसाखेरीज कोणालाही तेलाची सवलत देणार नाही. बहरीनने १९१४ मध्ये, कतारने १९१६ च्या तहात, आणि ओमान किनाऱ्यावरील शेखांनी १९२२ मध्ये अशाच अर्थाची वचने दिली. तेव्हा तेथे तेल आहे हे कोणाला ठाऊकही नव्हते. घर बांधण्याआधी दार कोणाच्या नावाचे हे ठरवून ठेवण्यात त्या काळच्या अधिकाऱ्यांची हातोटी होती, हे मान्य करावेच लागते.

कुवेतचा मुख्य करार २३ डिसेंबर १९३४ चा, ७५ वर्षांचा. ब्रिटनची अँग्लो-पर्शियन आणि अमेरिकेची गल्फ ऑइल या दोन तेल कंपन्यांनी निम्मी-निम्मी भागीदारी करून कुवेत ऑइल कंपनी काढली होती. गल्फला शिरकाव सहज मिळाला नाही. सवलत ब्रिटिश कंपनीलाच मिळावी असा आग्रह लंडनने बरीच वर्षे धरला आणि अमेरिकी दबावाखाली १९३२ मध्ये तो सोडला. परंतु सोडताना दुसरी दोरी बांधून घेतली. कंपनी आणि ब्रिटिश सरकार यांच्यात मार्च १९३४ मध्ये एक स्वतंत्र राजकीय करारनामा झाला, त्यानुसार कंपनीने ब्रिटिशच राहायचे होते आणि शेखांशी कंपनीचा महत्त्वाचा व्यवहार पोलिटिकल एजंटच्या नजरेखालून व्हायचा होता. म्हणजे शेखांच्या सहीच्या कागदाआधीच एक कागद तयार होता, ज्यावर शेखांची सही नव्हती आणि जो अडचणीच्या प्रसंगी अधिक जड ठरणार होता.

आता यात एक धागा आणखी गुंफा. अँग्लो-पर्शियन, म्हणजे नंतरची अँग्लो-इराणियन, या कंपनीत १९१४ पासून ब्रिटिश सरकारचाच बहुसंख्य हिस्सा होता. याचा अर्थ असा, की १९४२ मध्ये कुवेतचा रखवालदार, कुवेतच्या तेलातला भागीदार आणि युद्धाचा सेनापती या तिन्ही खुर्च्यांवर एकच सरकार बसलेले होते. अशा सरकारने आदेश द्यायचा, अशा कंपनीने तो पाळायचा आणि अशा एजंटने तो शेखांच्या कानावर घालायचा. यात "विचारणे" या क्रियापदाला जागा कोठे उरते? शेख अहमद ब्रिटनचे मित्र होते आणि युद्धात त्यांनी दोस्तांचीच बाजू धरली, त्यामुळे खटका उडाल्याचे चित्र रंगवण्याचे कारण नाही. परंतु संमती आणि नकार देण्याची ताकद नसणे यांत फरक आहे.

एक गंमत सांगून थांबतो. कराराने शेखांना लंडनमध्ये आपला एक प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली होती. त्यांनी नेमला कोण, तर फ्रँक होम्स, ज्याने गल्फच्या वतीने त्यांच्याशीच वर्षानुवर्षे घासाघीस केली होती. न्यूझीलंडचा हा गृहस्थ अरबांत "अबू नफ्त", म्हणजे तेलाचा बाप, म्हणून ओळखला जाई.

---

मचवा (धागाकर्ता)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. संगमावरचा रेसिडेंट डोळ्यांपुढे आल्यावर बऱ्याच गोष्टी आपोआप जागेवर बसल्या. एक पोटप्रश्न राहतो. हिशेबनीस असल्यामुळे मला तो टाळता येत नाही : काम बंद पडल्याने शेखांचे जे उत्पन्न बुडाले त्याची भरपाई कोणी दिली का? आणि देण्याची पद्धत तेव्हा होती का, की ही अपेक्षाच आजची आहे?

---

चांदीचा_रुपया

भरपाईची कल्पना आजची मुळीच नाही, आणि हे सिद्ध करायला आखात सोडून जाण्याचीही गरज नाही.

वर कातळ यांनी जवळच्या वाटेच्या धोरणाचा उल्लेख केला आहे. त्या धोरणामुळे १९४० मध्ये इराणी तेलाची उचल घटली आणि त्याबरोबर इराण सरकारची रॉयल्टीही. रेझा शहा यांनी कंपनीला धारेवर धरले. शेवटी १९४० च्या ऑगस्टमध्ये कंपनीने वर्षाला ४० लाख पौंड मिळतील अशी हमी इराणला दिली, मग तेल प्रत्यक्षात कितीही निघो. लक्षात घ्यावे की कंपनी तीच, अँग्लो-इराणियन. जिचा कुवेतमध्ये निम्मा वाटा होता. (वर्षभरातच ब्रिटिश आणि रशियन फौजा इराणात शिरल्या आणि शहांना गादी सोडावी लागली, हे खरे, पण त्याची कारणे निराळी होती.)

दुसरे उदाहरण सौदी अरेबियाचे. धहरानजवळच्या दम्माम येथील सातव्या विहिरीने मार्च १९३८ मध्ये, म्हणजे बुरगाननंतर काही आठवड्यांतच, तेल दिले, आणि १ मे १९३९ रोजी राजे अब्दुल अझीझ यांच्या उपस्थितीत रास तनुरा येथून पहिले जहाज निघाले. युद्धाने तेथेही काम मंदावले, अमेरिकन कर्मचारी शंभराच्या आसपास उरले, थोडेफार तेल पडावांतून बहरीनच्या रिफायनरीला जात राहिले. त्यातच हज यात्रेकरूंची संख्या रोडावली, आणि राजांचा खजिना तेव्हा यात्रेकरूंवरच चाले. १९४१ मध्ये त्यांनी तेथे काम करणाऱ्या अमेरिकन तेल कंपनीकडे वर्षाला ६० लाख डॉलरची मागणी केली. कंपनी वॉशिंग्टनला धावली; रूझवेल्ट यांनी त्या जुलैत कळवले की सौदीच्या राजांची काळजी ब्रिटिशांनी घ्यावी, हे आमच्यापासून जरा दूरचे प्रकरण आहे. परंतु ब्रिटिश पैशाने ब्रिटिशांचे वजन वाढेल ही धास्ती कंपनीने जागती ठेवली, आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये त्याच रूझवेल्ट यांनी सौदी अरेबियाचे रक्षण अमेरिकेच्या संरक्षणासाठी आवश्यक असल्याचे जाहीर करून उधार-उसनवारीच्या योजनेची दारे उघडली. १४ फेब्रुवारी १९४५ रोजी सुएझ कालव्याच्या ग्रेट बिटर सरोवरात क्विन्सी या युद्धनौकेवर दोघांची भेट झाली, ती सर्वांना माहीत आहे.

शहांकडे आणि राजांकडे जे होते ते शेखांकडे नव्हते : दुसऱ्या दुकानात जाण्याची मोकळीक. अब्दुल अझीझ लंडन आणि वॉशिंग्टन या दोघांना एकमेकांची भीती दाखवू शकत होते. शेख अहमद यांना १८९९ च्या कराराने एकच दार ठेवले होते आणि त्या दाराशी एजंट बसलेला होता.

आता धागाकर्त्यांच्या आवडीचे आकडे. कुवेतच्या करारात सहीच्या वेळी ४ लाख ७५ हजार रुपये. तेल व्यापारी प्रमाणात सापडल्याचे जाहीर होईपर्यंत वर्षाला ९५ हजार. त्यानंतर टनामागे ३ रुपये रॉयल्टी, पण वर्षाला किमान अडीच लाख. या अडीच लाखांना तीनने भागा, म्हणजे ८३ हजार टनांहून थोडे अधिक तेल येते. १९४६ मध्ये निर्यात जेमतेम सहा महिने चालली, तरी उत्पादन सुमारे ८ लाख टनांवर गेले. म्हणजे त्या अर्ध्या वर्षाची रॉयल्टीच २४ लाखांच्या घरात. करारातली किमान हमी ही या अर्ध्या वर्षाच्या जवळपास एक दशांश ठरते. हमीचा आकडा ठरवणाऱ्यांना बुरगान केवढे आहे याची १९३४ मध्ये कल्पना नव्हती हे मान्य, पण विहिरी बंद राहिल्या तेव्हा अमिरांच्या पदरात पडण्याजोगे होते ते एवढेच.

---

सरळरेघ

चर्चा फारच माहितीपूर्ण आहे, तरीही एक विरोधी मत नोंदवतो. तेल कोठे पळून गेले नाही. १९४२ ते १९४६ दरम्यान टनाला ३ रुपयांनी जे गेले असते ते जमिनीतच राहिले आणि पुढे चांगल्या भावाने विकले गेले, कारण डिसेंबर १९५१ मध्ये कुवेतला निम्म्या नफ्याचा करार मिळाला. या हिशेबाने सिमेंटने कुवेतचे नुकसान केले की फायदा? वसाहतवादाचा प्रत्येक निर्णय हा लुटीचाच असतो असे गृहीत धरून चालू नये. पोलादाची आणि टँकरांची टंचाई खरी होती. स्वतंत्र कुवेतलाही ती चुकली नसती.

---

दफ्तरदार

सरळरेघ यांचा टंचाईविषयीचा मुद्दा मला मान्य आहे. स्वतंत्र कुवेतलाही १९४२ मध्ये नळ मिळाले नसते. पण "तेल पळून गेले नाही" हे वाक्य माणसांना लावून पाहावे. मोत्यांचा धंदा बसल्यानंतर आखाताच्या अरब किनाऱ्याला तेलाखेरीज आशा नव्हती. जपानी कृत्रिम मोती आणि १९२९ नंतरची जागतिक मंदी यांनी मोत्यांचा बाजार बुडवला, आणि त्या बाजाराची मोठी पेठ मुंबई असल्याने येथल्या जव्हेऱ्यांनीही ती पडझड पाहिली आहे. कुवेतकडे निदान गलबते होती, खजुराचा आणि वाहतुकीचा व्यापार होता, बसऱ्याकडे राजघराण्याच्या खजुराच्या बागा होत्या. कतारकडे यांतले फारसे नव्हते.

कतारच्या शेख अब्दुल्ला यांनी १७ मे १९३५ रोजी करार केला तो सहीचे ४ लाख, पहिली पाच वर्षे दरसाल दीड लाख आणि सहाव्या वर्षापासून ३ लाख रुपये, अशा अटींवर. आणि त्यांच्या दृष्टीने यापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे सौदीच्या बाजूने धोका आल्यास ब्रिटिश संरक्षणाचे आश्वासन. तेल आणि संरक्षण एकाच ताटात वाढण्याची ही पद्धत. ऑक्टोबर १९३८ मध्ये दुखानची पहिली विहीर खोदायला सुरुवात झाली, १९४० च्या आरंभी तिने भरघोस तेल दाखवले, आणि दोन वर्षांत ती व तिच्या शेजारच्या विहिरी बुजवून कंपनी निघून गेली. काम पुन्हा सुरू झाले १९४७ मध्ये, आणि पहिले जहाज निघाले ३१ डिसेंबर १९४९ रोजी. मधल्या वर्षांत कतारच्या किनाऱ्यावरील झुबारा या गावाच्या मालकीच्या वादावरून बहरीनने कतारशी व्यापार रोखलेला होता, धान्य बाहेरून यायचे ते युद्धामुळे नियंत्रणाखाली, आणि घरेच्या घरे दोहा सोडून दुसऱ्या किनाऱ्यांवर गेली. १९४९ नंतरच्या पैशाचा त्यांतल्या जे परत आले नाहीत त्यांना काय उपयोग?

शिवाय पैशाच्या वाटणीचा एक अंतर्गत भाग राहतो, ज्याबद्दल वर कोणी लिहिले नाही. १९३८ मध्ये कुवेतच्या व्यापाऱ्यांनी निवडून दिलेली एक मजलिस, म्हणजे प्रतिनिधी सभा, काही महिने कारभार पाहत होती, आणि तेलाच्या कंपनीकडून येणारा पैसा मजलिसीच्या हाती यावा अशी तिची मागणी होती. डिसेंबरमध्ये शेखांनी ती बरखास्त केली. त्यामुळे "कुवेतचे नुकसान" असे आपण म्हणतो तेव्हा शेखांचे की व्यापाऱ्यांचे, हा प्रश्न तेव्हाही जिवंत होता. ब्रिटिशांना एका माणसाशी बोलणे नेहमीच सोयीचे वाटे.

---

सरळरेघ

कतारबाबत मी माझे म्हणणे मागे घेतो. कुवेतबाबत मात्र पूर्ण नाही.

---

कातळ

एक पुरवणी. युद्धाने केवळ विहिरी नव्हे, जुने करारही बंद पाडले. १९२८ च्या रेड लाइन करारानुसार इराक पेट्रोलियम कंपनीच्या भागीदारांनी जुन्या ऑटोमन मुलखात एकमेकांना सोडून तेल शोधायचे नव्हते. कुवेत नकाशावरच्या त्या लाल रेषेच्या बाहेर, सौदी आणि कतार आत. १९४० मध्ये फ्रान्स पडला तेव्हा फ्रेंच कंपनी आणि गुल्बेंकियन हे दोन भागीदार ब्रिटिश कायद्याने शत्रूच्या ताब्यातील मुलखातले ठरले. युद्धानंतर अमेरिकन भागीदारांनी याच मुद्द्यावर सारा करारच संपला असे मांडले, कारण त्यांना सौदीच्या कंपनीत शिरायचे होते, आणि बरीच भांडाभांडी होऊन १९४८ मध्ये ते प्रकरण मिटले. १९४४ मध्ये लंडन आणि वॉशिंग्टन यांनी तेलाबाबत एक सामायिक करारही केला होता, पण अमेरिकन सिनेटने तो कधी मंजूर केला नाही. आखातातल्या एकाही राज्यकर्त्याचा त्या वाटाघाटींत सहभाग नव्हता.

---

चांदीचा_रुपया

माझा छंद तिकिटांचा आणि नाण्यांचा, त्यामुळे रुपयाविषयीचे राहिलेले लिहून टाकतो. आखातात टपाल कचेऱ्याही हिंदुस्थानच्याच होत्या : मस्कतला १८६४ पासून, बहरीनला १८८४, दुबईला १९०९, कुवेतला १९१५. माझ्या संग्रहात पंचम जॉर्जचे मुखचित्र असलेले साधे हिंदुस्थानी तिकीट आहे, त्यावर काळ्या शाईत फक्त "कुवेत" असा इंग्रजी छाप मारलेला. अशी छापील तिकिटे तेथे १९२३ पासून निघाली, बहरीनची १९३३ पासून. भिंगाखाली पाहिले तर राजाच्या चेहऱ्याच्या बारीक रेषांवर ती शाई जाडसर बसलेली दिसते. देश म्हणून वेगळी ओळख हवी, पण तिकीट नवे छापण्याइतकी नको, अशा बेताने.

१९४७ मध्ये आखाताचा कारभार हिंदुस्थान सरकारकडून लंडनच्या परराष्ट्र खात्याकडे गेला. रेसिडेंट त्याच्या आधल्याच वर्षी बुशेरहून बहरीनला राहायला आला होता. रुपया मात्र हलला नाही. ३० जून १९४६ रोजी शेख अहमद यांनी चांदीचे चाक फिरवून ब्रिटिश फ्युझिलियर या टँकरमध्ये तेल सोडले तेव्हा त्यांची रॉयल्टी रुपयांतच ठरलेली होती. पुढे सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळे आपले परकीय चलन गळू लागले, म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ मध्ये दिनार आणला, बहरीनने १९६५ मध्ये, आणि जून १९६६ च्या अवमूल्यनानंतर कतार व दुबईनेही रुपया सोडला. ओमानमध्ये तो १९७० पर्यंत चालला.

---

मचवा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. अहमदी हे गाव शेख अहमद यांच्या नावाचे आहे हे मला ठाऊक होते. पण १९२१ पासून राज्य करणाऱ्या या माणसाला पहिल्या जहाजानंतर जेमतेम साडेतीन वर्षे मिळाली, जानेवारी १९५० मध्ये तो वारला, हे आज तारखा मांडताना प्रथमच ध्यानात आले. चांदीचा_रुपया यांना विनंती, त्या तिकिटाचे छायाचित्र जमल्यास येथे द्यावे.